उतारवयातली सायकल

साठी उलटल्यावर सुहासिनीबाईंना डोंगरातल्या सायकलीचं वेड लागलं, आणि आता त्या थेट डोंगर उतरायच्या शर्यतीत नाव द्यायला निघाल्या. सून रेवती तान्ह्याला कडेवर घेऊन मागोमाग होती. कुणीतरी सासूबाईंना नाही म्हणावं, म्हणून तिने देवाला नारळ कबूल केला होता.

सायकल क्लबचे अध्यक्ष घोरपडेसाहेब हसले. "आजी, या उतारवयात हे काय? उतरा सायकलवरून, नातू सांभाळा."

"साहेब, चढ सगळा संसार पाठीवर घेऊन पायी चढले," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आता कुठे उतार लागलाय, तर सायकलवरून उतरा म्हणता?"

सगळ्यांत आधी खुदकन हसली ती रेवतीच. साहेबांनी नाव लिहिलं, आणि रेवतीने देवाला सांगितलं, नारळ तोच, आता फक्त ब्रेक लागू देत.