मोजणाऱ्याचा श्वास

“नियम मोडला का मी, बाई?”

उदयनने हे विचारलं तेव्हा आम्ही खाडीत गुडघाभर पाण्यात उभे होतो. त्याने मोजून नुकतीच सोडलेली पाकट तिथेच तळाशी पडून होती. पोहून जात नव्हती.

रेगेबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मोडला नाहीस.”

खाडीच्या तोंडाशी बाईंचं माशांच्या अभ्यासाचं छोटं केंद्र होतं आणि आम्ही त्यांचे विद्यार्थी. आता तिथे तंबूंचं रिसॉर्ट झालंय. मागे एकदा गेलो तर केवड्याचं बनही दिसलं नाही. स्टोव्हवरचा तो कोरा चहा आणि बाईंचं लटक्या रागातलं “शिरा पडली तुझ्या तोंडार” पुन्हा मिळणार असेल, तर मी आजही हातातलं सगळं टाकून जाईन.

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, आलेल्या पाकटी रापणकर आमच्यासाठी जिवंत ठेवत. सुपाएवढा चपटा मासा, शेपटीत विषारी काटा. शेपटीला ओलं फडकं गुंडाळायचं, कापडी झोळीत उचलायचं, माप घ्यायचं, सोडून द्यायचं. यात बाईंचा एक नियम होता, तो कुठल्या पुस्तकातला नव्हता. झोळी पाण्याबाहेर असेपर्यंत मोजणाऱ्याने आपला श्वास रोखायचा. त्याने श्वास घेतला की झोळी पाण्यात.

आम्हा बाकीच्यांना एकेका पाकटीला चार-चार खेपा लागत. उदयन कोल्हापूरचा, रंकाळ्यात पोहून वाढलेला. तो सगळी मापं एका दमात उरकायचा आणि वर आमच्याकडे बघून मिशीत हसायचा.

“मग चुकलं काय माझं?” त्याने विचारलं.

पाकट हळूहळू हलली, गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे बाई काठाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी रापणीत एक मोठी गाभण मादी आली. उदयनचा प्रबंध अशाच एका मादीवाचून अडला होता. सबंध हंगामात त्याला ती मिळाली नव्हती आणि रापण आता पावसाळ्यासाठी बंद होणार होती. पुढच्या हंगामापर्यंत थांबायला त्याचे घरचे तयार नव्हते.

“आज श्वास मी रोखते,” बाई म्हणाल्या. “तू मोज.”

“तुम्ही?”

बाईंना दमा होता. घाटी चढून आल्या की त्यांच्या छातीतली शिट्टी आम्हाला ऐकू यायची.

“सावकाश मोज. घाई नको.”

होडीवाल्या यशवंतने आणि मी झोळी उचलली. बाईंनी तोंड मिटलं.

उदयनने टेप धरली. मादीच्या डोळ्यांमागची श्वासाची भोकं भराभर उघडमीट करत होती.

त्याने वर पाहिलं. बाई त्याच्याचकडे बघत होत्या.

तो पुन्हा वाकला. टेप सरकली. त्याने ती परत लावली…

पुन्हा वर पाहिलं. बाईंचे ओठ काळपट पडले होते. टेपवरचा आकडा त्याला वाचता येईना.

“खाली घ्या,” तो म्हणाला. “खाली घ्या तिला.”

झोळी पाण्यात गेली. मादीने अंग हलवलं आणि एका फटक्यात ती निघून गेली. तिला अडवायचं कुणाला सुचलंही नाही. बाई यशवंतच्या खांद्याला धरून खोकत होत्या.

उदयन रिकाम्या झोळीकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. रागाने की भीतीने, मला आजही सांगता येत नाही.

“तुम्हाला दमा आहे, बाई,” तो म्हणाला. “मला ठाऊक आहे ते. ठाऊक असताना मी कसा मोजणार होतो?”

बाईंना श्वास सावरायला वेळ लागला…

“आणि कालच्या त्या पाकटीचं काय ठाऊक होतं तुला?”