न्यूट्रलचा स्विच

चंद्रपूरच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. आजारी आईला दवाखान्यात नेताना त्या भट्टीत बसवणं बाजार समितीचे सभापती गुणवंतराव पिंपळशेंडे यांच्या जिवावर येई. म्हणून घरातूनच गाडी सुरू करून एसीनं ती आधीच थंड करता येईल असा रिमोट बसवायला ते प्रणिता चहांदेच्या गॅरेजमध्ये आले.

गाडी हातानं गिअर बदलायची होती. प्रणिता म्हणाली, "रिमोटसोबत न्यूट्रलचा आणि हँडब्रेकचा स्विचही बसवावा लागेल. नाहीतर गिअरमध्ये राहिलेली गाडी बटण दाबताच पुढे उसळेल. पुढ्यात कोण असेल, सांगता येत नाही."

गुणवंतरावांना हा अपमान वाटला. "आयुष्य गेलं माझं गाडी चालवण्यात. न्यूट्रलला टाकायला मी कधी विसरत नाही. नुसता रिमोट बसवा, नाहीतर या गावात तुमचं गॅरेज कसं चालतं ते पाहतो."

कामगारांचे हात थांबले. प्रणिता शांतपणे म्हणाली, "बसवते. आधी चाचणी घेऊ. तुम्ही गाडीसमोर उभे राहा. मी क्लच न दाबता किल्ली फिरवते. रिमोटही तेच करणार."

ते ताठ मानेनं गाडीपुढे जाऊन उभे राहिले. प्रणितानं आत बसून किल्लीला हात लावला, तसे ते म्हणाले, "थांबा, आधी गिअर बघून येतो."

"साहेब, तो स्विच एवढंच करतो."

गुणवंतरावांनी दारातून आत वाकून पाहिलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. गॅरेजसमोरच्या उतारावर ती सरकू नये म्हणून त्यांनीच तशी उभी केली होती.

"दोन्ही स्विच बसवा, ताई," ते हळू आवाजात म्हणाले.