हात मागे बांधून पाहायची फुलं

या फळ्यांच्या वाटेवर पाय ठेवण्याआधी सगळ्यांनी हात मागे बांधायचे. शाळेत कवायतीला बांधायचो तसे. हसा, हरकत नाही. मीही पहिल्या वेळी हसलो होतो, आणि शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला कोपराने ढोसलं होतं.

समोर दिसते ती दलदल. तिच्यात गुडघ्याच्या वर आलेली रोपं, आणि त्यांना लागलेली गुलाबी-पांढरी फुलं. लहान मुलीच्या सपातेसारखी दिसतात, म्हणून नावही तसंच पडलं, लेडीज स्लिपर. मिनेसोटा राज्याचं हे अधिकृत फूल.

राज्याची माहिती तुम्हाला विमानातच कोणीतरी दिली असेल, तरी मी देतो, म्हाताऱ्याला तेवढं तरी करू द्या. अमेरिकेतलं हे बत्तिसावं राज्य, १८५८ सालचं. नाव मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेतलं, आभाळ उतरलेलं पाणी असा काहीसा अर्थ. गाड्यांच्या पाटीवर ‘दहा हजार तळी’ लिहिलेलं असतं, मोजली तर पावणेबारा हजारांच्या आसपास भरतात. आपल्याकडे सरकार आहे ते फुगवून सांगतं, इथलं कमी करून. राज्याचा पक्षी लून, लाल डोळ्यांचा पाणपक्षी. झाड लाल पाइन. पेय दूध, आणि मी इथल्या लोण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलीत, तेव्हा त्यावर मी काही बोलणार नाही. मफिनसुद्धा ठरलेला आहे. फुलाच्या बाबतीत मात्र या लोकांनी गोंधळ घातला होता. पहिल्या ठरावात जे शास्त्रीय नाव लिहिलं ते भलत्याच जातीचं, इथे उगवतच नाही अशा. नऊ वर्षांनी चूक सुधारली. पुढे हे फूल तोडायला कायद्याने बंदी आली. पण आमच्या नॉर्डबी गावात कायद्याच्याही आधीपासून ते कोणी तोडत नाही, आणि त्याला कारण एक बाई आहे, असं सांगतात.

इंगेबोर्ग तिचं नाव. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याची बायको. ही दलदल त्यांच्याच जमिनीत होती. त्या काळी ही फुलं इतकी असत म्हणे, की लोक टोपल्या भरभरून शहराच्या बाजाराला न्यायचे. गावातही रीत होती, की जून संपता संपता प्रत्येकाने आपल्या माणसाच्या थडग्यावर यांचा जुडगा ठेवायचा. फुकटचं फूल, कोण कशाला हात आखडता घेईल? ओरबाडता ओरबाडता दलदल रिकामी होत गेली, आणि ती रिकामी होतेय हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका हिवाळ्यात घटसर्पाची साथ आली. गावातली नऊ मुलं गेली. इंगेबोर्गची सिग्ने त्यातली एक, आठ वर्षांची. घसा धरलेला असताना तिने आईला विचारलं होतं, जूनमध्ये मला फुलं आणशील ना, आजीच्या थडग्यावर नेतो ती. आईने शब्द दिला. बरी झालीस की तूच आण, असं म्हणायचं तिला सुचलं नाही. ते पुढे तिला फार लागलं, असं सांगतात.

इथल्या जानेवारीत जमीन दगडासारखी होते, कुदळ चालत नाही. म्हणून नऊही शवपेट्या एप्रिलच्या शेवटापर्यंत एका कोठारात ठेवल्या होत्या. इंगेबोर्ग रोज गाईंचं दूध काढायची, भाकरी भाजायची, कोठारावरून जायची. कोणी विचारलं तर बरी आहे म्हणायची. रडली नाही. हात काही धरतात की नाही ते कळत नाही, एवढंच एकदा नवऱ्याला म्हणाली होती. त्याला वाटलं, थंडीने.

जून आला तेव्हा अख्ख्या दलदलीत एकच गड्डा उरला होता. त्याला सात फुलं. आणि गावात नवी थडगी नऊ.

कुजबूज झाली. चर्चच्या पाद्र्यांनी निवाडा दिला, की जमीन इंगेबोर्गची, तेव्हा पहिला मान तिचा. तिने हवी तेवढी घ्यावीत, उरतील ती बाकीच्या आयांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यावीत. ठरलेल्या दिवशी नऊ जणी दलदलीच्या काठाला आल्या, मागे सगळं गाव. इंगेबोर्गच्या एप्रनच्या खिशात कात्री होती.

तिथे शाळेच्या बाई होत्या, मिस ब्रेक. सिग्ने त्यांच्याच वर्गात होती. त्या रानातल्या रोपांच्या नोंदी ठेवत. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, तोडू नका असं सांगायचा मला अधिकार नाही. पण देठ कापला की पानं जातात, आणि मग मूळही बहुधा मरतं. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला या रोपाला पंधरा-सोळा वर्षं लागतात. एवढं माहीत असू द्या.

इंगेबोर्ग दलदलीत उतरली. गुडघाभर चिखलातून ती गड्ड्यापर्यंत गेली. कात्री काढली. खूप वेळ नुसती उभी राहिली, इतका वेळ की मागे कोणीतरी खाकरलं म्हणे. मग तिने कात्री खिशात टाकली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

“माझी आठव्या वर्षी गेली,” ती म्हणाली. “हिला फुलायलाच सोळा लागली. मला नाही कापवत.”

ती परत आली. दुसरी आई गेली, तीही हात मागे घेऊन उभी राहिली आणि परतली. अशा नऊही. त्या जूनमध्ये एकाही थडग्यावर फूल नव्हतं.

लोक इथे थांबतात आणि म्हणतात, किती थोर बाई. मी थांबत नाही. ती मुलीला दिलेला शब्द मोडून आली होती आणि तिला ते ठाऊक होतं. पुढची अकरा वर्षं ती जूनमध्ये दफनभूमीत पाऊल टाकू शकली नाही, असं सांगतात. सात फुलं वाचली, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. ती त्यांच्याकडे पाहायची, आणि घरी जाऊन दूध काढायची. फुलं वाढत गेली ती आपली आपण. आता दोनशेच्या वर गड्डे आहेत.

आजही नॉर्डबीत कोणाचं मूल गेलं, कितीही वयाचं असो, तर त्या जूनमध्ये त्याच्या आईच्या आधी या वाटेवर कोणी जात नाही. कुलूप नसतं, फळ्यांच्या तोंडाशी एक दोर बांधतात. मग कोणीतरी तिला फोन करतं.

आमची मुग्धा एकतिसाव्या वर्षी गेली, मार्चमध्ये, बर्फावरून गाडी घसरून. जूनच्या शेवटी किराणा दुकान चालवणाऱ्या डाल नावाच्या बाईंचा फोन आला. फुलं यायची वेळ झाली म्हणाल्या, घाई नाही. शैला उठत नव्हती. जेवण पुढे ठेवलं तर जेवायची, एवढंच. मीही काही फार शुद्धीत नव्हतो. रोज सकाळी वाटायचं, त्यांना सांगावं की आमचं राहू द्या, आम्ही कुठले इथले. फोन उचलायचा मात्र कंटाळा यायचा.

फोन आल्यापासून तेराव्या दिवशी शैलाने चपला घातल्या. आम्ही आलो तेव्हा फुलं तपकिरी पडून माना टाकत होती, दोन-तीन तेवढी धड होती. तिने हात मागे घेतले. एका हाताने दुसरा इतका घट्ट धरला होता, की बोटं पांढरी पडली होती.

गावातल्या कोणीही त्या वर्षी ती फुलं उमललेली पाहिली नाहीत. दोर आम्हीच सोडला.