राखडीच्या पाठीवरचे सांधे

फार फार वर्षांपूर्वी, माघ शुद्ध पंचमीला, आभाळ स्वच्छ आणि वारा बोचरा असताना, एका राजधानीतल्या सोनाराला राणीने बोलावून घेतले. राजकन्येचे लग्न दहा दिवसांवर आले होते.

राणीने त्याच्यापुढे घराण्याची जुनी राखडी ठेवली. डोक्यामागे, वेणीच्या मुळाशी बसणारे ते सात तोळ्यांचे सोन्याचे कमळ होते.

"ही सुनेकडे राहील. लेकीला अशीच दुसरी हवी. रतीभर फरक नको."

सोनार सुखावला. हुबेहूब नक्कल करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आजवर त्याचा एकही दागिना परत आला नव्हता.

निघताना राजकन्येची वेणी घालणारी म्हातारी दासी म्हणाली, "सोनारबुवा, पोरगी नुकतीच तापातून उठलीय. केस निम्मे गळलेत. एकदा बघून तरी जा."

"आजी, केस तुम्ही बघा, सोनं मी बघतो."

"बरं बाबा. मग राखडीही सोन्यालाच घाला."

सोनार आठ दिवस खपला. पाकळीला पाकळी जुळली. जुन्या राखडीच्या पाठीवर कुठे कापून जोडलेली कड होती, कुठे जास्तीची कडी. त्याने ते सांधेही जसेच्या तसे उतरवले.

नवी राखडी राजकन्येच्या डोक्यावर चढली. ती दोन पावले चालली आणि राखडी घसरून मानेवर आली. केसांची एक बट तिच्याबरोबर ओढून निघाली.

"आई, ही घालून मी बोहल्यावर उभी राहणार नाही," ती हळूच म्हणाली.

"आपल्या घरातली मुलगी राखडीशिवाय बोहल्यावर चढलेली नाही," राणी म्हणाली.

दासीने राखडी उलटी करून पाहिली.

"अहो, हा सांधासुद्धा केलात? थोरल्या राणीसाहेबांचे, म्हणजे ताईसाहेबांच्या आजींचे केस बाळंतपणात गेले, तेव्हा कड कापून घेतली होती, तो हा. आणि ही कडी आमच्या राणीसाहेबांची. त्यांचे केस दाट, एका कडीला आवरेनात. माझ्यासमोर झालंय सगळं."

सोनाराने राखडी हातात घेऊन ते सांधे पुन्हा पाहिले. दोन डोक्यांची मापे त्याने बिनचूक उतरवली होती. तिसऱ्या डोक्याकडे पाहिलेच नव्हते.

"ताईसाहेब," तो म्हणाला, "वेणी दाखवता का?"

त्याने दोऱ्याने वेणीचा घेर मोजला. दोन दिवसांत कमळाची बाहेरची रांग उतरवली, गाभा पोकळ केला आणि उरलेले चार तोळे राणीपुढे ठेवले.

"आमच्या राखडीसारखी दिसत नाही ही," राणी म्हणाली.

"नाही दिसत, राणीसाहेब. पण ताईसाहेबांना घालून बघा."

लग्नाच्या दिवशी सकाळी तीन तोळ्यांची राखडी राजकन्येच्या वेणीवर चढली. सासरचा उंबरठा ओलांडेपर्यंत ती जागची हलली नाही.

मागच्यांचे जपून पुढे द्यायचे, तर ज्याला द्यायचे त्याच्याकडे आधी नीट पाहावे.