बिनओरखड्याची रेकॉर्ड

"…आणि माझी प्रत तुमच्या प्रतीपेक्षा चांगली निघाली, तर? तर सुई माझ्या हातात द्याल?"

शाल्मलीने हे विचारलं तेव्हा दाऊदचाचा नाखवा फडक्याने रेकॉर्ड प्लेअर पुसत होते. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

"द्याल का, चाचा?"

"आण तर आधी."

"आणलीय."

तेव्हा कुठे चाचांनी मान वर केली.

आता हे सुईचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. बाणकोटला खाडीच्या अंगाला नाखव्यांचं घर आहे. दर रविवारी दुपार कलली की त्यांच्या ओटीवर गावातले म्हातारे जमतात. सगळ्यांनी जन्म बोटींवर काढलेला. पनामा, कोलंबिया, न्यूयॉर्क… जिथे बोट लागली तिथलं गाणं यांच्या पायात शिरलं आणि पेन्शनीबरोबर घरी आलं. साल्सा कुठला, फंक कुठला, लॅटिन सोल म्हणजे काय, ते त्यांना विचारू नका. ते सगळ्याला बंदराचं गाणं म्हणतात. पण लावून बघा. गुडघ्याच्या नावाने दिवसभर कण्हणारा माणूस असा काही नाचतो की बघणाऱ्याला आपल्या तरुणपणाची लाज वाटावी.

रेकॉर्डी चाचांच्या. बाकीच्यांनी बोटीवरून घड्याळं आणली, अत्तरं आणली. यांनी ट्रंका भरून काळ्या तबकड्या आणल्या. गावाने तेव्हा वेड्यात काढलं. आता परदेशातले शौकीन त्यांना फोन करतात आणि चाचा फोन उचलत नाहीत.

त्या ओटीचा नियम एकच. सुई चाचा ठेवणार. दुसऱ्याने हात लावायचा नाही, अगदी जावयानेसुद्धा नाही.

शाल्मली आठल्येला ती सुई हवी होती.

ती पुण्याची. काही वर्षांपूर्वी एक रेकॉर्ड मागायला म्हणून आली आणि शिकायला म्हणून येत राहिली. मधल्या कागदाच्या रंगावरून रेकॉर्ड कोणत्या साली निघाली ते कसं ओळखायचं, शेवटच्या कोऱ्या पट्टीवर कारागिराने खिळ्याने कोरलेली अक्षरं कशी वाचायची, सगळं चाचांनी शिकवलं. तिने ते घोटून पक्कं केलं आणि वर स्वतःची भर घातली. मुंबईचे जुने जाणते आता अडलं की तिला विचारतात. गर्व होता का? होताच. आणि का नसावा? कमावलेला होता.

तिने पाकिटातून रेकॉर्ड काढली आणि दोन तळव्यांत कडेने धरून चाचांपुढे केली.

ती काय आहे ते चाचांनी लांबूनच ओळखलं. न्यूयॉर्कच्या कुठल्याशा गल्लीतल्या पोरांच्या बँडची ती छोटी रेकॉर्ड होती. निघाल्या थोड्याच, आणि उरल्या त्या लोकांनी नाचून नाचून झिजवल्या. चाचांची प्रतही तशीच झिजलेली. पण या ओटीवर तिच्याशिवाय रविवारची बैठक उठत नसे.

चाचांनी शाल्मलीची प्रत उजेडात तिरपी धरली. फिरवली. परत फिरवली.

"कुठे मिळाली?"

"पोर्तो रिकोत. एका बाईच्या कपाटात. कधी वाजलीच नव्हती."

"…सुरेख आहे."

"एक ओरखडा नाही, चाचा."

"नाही."

"जगात दुसरी अशी नसेल."

"नसेल," चाचा म्हणाले आणि बाजूला सरकले. "ठेव सुई."

इतकं सोपं? शाल्मली जरा हिरमुसलीच. तिने वाद घालायची तयारी केली होती. आता घालायचा कोणाशी?

म्हातारे एव्हाना जमले होते. त्यात गोपाळ तांडेल सगळ्यांत थोरला आणि सगळ्यांत ताठ. त्याने सुईजवळ शाल्मलीला पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि भुवई उडवली.

सुई टेकली.

काय आवाज तो. पियानोचा एकेक स्वर धुऊन पुसून समोर मांडल्यासारखा. मागे बँडमधली पोरं टाळ्या देत होती, त्यातल्या एकाचं हसूही ऐकू आलं. ते या ओटीवर आजवर कोणी ऐकलं नव्हतं. शाल्मलीचा ऊर भरून आला. आपण हे आणलं. आपण.

म्हातारे उठले. पावलं सुटली, खांदे सुटले. तांडेलाने धोतराचा सोगा खोचला. शाल्मली कडेला उभी राहून टाळीने ठेका धरू लागली.

दुसरं कडवं संपलं. ट्रम्पेट वर चढला… आणि सगळ्यांनी एकदम पाय उचलून टुणकन उडी घेतली.

खाली आले तेव्हा गाणं तिथे नव्हतं.

ते अजून मागेच रेंगाळत होतं. एकजण दुसऱ्याच्या पायावर पडला. तांडेल खांबावर आपटला. ओटीवर नुसता सावळागोंधळ झाला, आणि रेकॉर्ड आपली स्वच्छ, नितळ, पुढे वाजत राहिली.

शाल्मलीने सुई उचलली. तिचे कान तापले होते. कारण त्या जागेवर तिची स्वतःची टाळीही चुकली होती.

"हे काय झालं?" तिने विचारलं, पण विचारता विचारताच तिला कळलं.

चाचांच्या प्रतीवर तिथे खोल ओरखडा आहे. त्या जागी आलं की सुई एक घर, म्हणजे खाचेचा एक वेढा, पुढे उडते. इतकी वर्षं हे म्हातारे तिच्याबरोबर उडत आले. ती उडी गाण्यातलीच आहे असं धरून. आणि रेकॉर्डीची इतकी जाणती ती, तिनेही तसंच धरलं होतं.

"म्हणजे तुम्ही सगळे चुकीचं नाचता," ती म्हणाली.



"आमचा पाय नाय चुकला," तांडेल खांबाला टेकून म्हणाला. "त्या पायाखाली बोटी हलल्यात, तरी नाय चुकला."

"पण मूळ गाणं असंच आहे, काका. हे बरोबर आहे. चाचा, तुम्ही सांगा ना. माझी बरोबर आहे की नाही?"

"बरोबर आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ऐकतोय ना मी. इतकी वर्षं."

"मग यांना कधी सांगितलं नाहीत?"

चाचांनी फडकं घडी करून ठेवलं.

"…आणखी एकदा लाव."

"तुमची?"

"तुझी."

चाचांचा शब्द, म्हणून म्हातारे उठले. गाणं सुरू झालं, तेच नितळ, तेच सुंदर. पण आता नाच बघवेना. मघाशी छाती काढून नाचणारी माणसं खाली बघून पावलं टाकत होती. मास्तर छडी घेऊन उभा असावा तशी. जसजशी ती जागा जवळ येऊ लागली तसतसे पाय आखडू लागले. तांडेल तर नाचता नाचता जवळजवळ थांबलाच. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. आयुष्यात कधी मोजून न नाचलेला माणूस, या वयात, तिच्या रेकॉर्डीपायी मोजत होता.

शाल्मलीला ते सहन होईना.

दुसरं कडवं संपलं. ट्रम्पेट चढू लागला. तिने तांडेलाच्या पायाकडे पाहिलं. पाय उचलायचा की नाही, या विचारात तो जमिनीला चिकटून राहिला होता.

"काका, उडी घ्या," ती म्हणाली.

आणि तिने सुईच्या दांडीला नखाने टिचकी मारली.

कर्रर्… सुई एक घर पुढे पडली. नशीब म्हणा, नाहीतर इतक्या वर्षांचा तिचा कान म्हणा, नेमकी पडली. सगळ्यांच्या टाचा एकदम ओटीवर आदळल्या, ठेक्यावर, एकसाथ. तांडेलाने मान मागे टाकली आणि असा गरगरा फिरला की सोगा सुटून लोंबू लागला. शाल्मलीची टाळी आपोआप जागेवर आली. ती हसत होती. म्हाताऱ्यांकडे बघून तिला जो अभिमान वाटला, तसा त्या रेकॉर्डीबद्दल कधी वाटला नव्हता.

गाणं संपलं. म्हातारे धापा टाकत, एकमेकांच्या पाठी थोपटत पायरीवर जाऊन बसले.

मग तिचं लक्ष रेकॉर्डीकडे गेलं.

तिने ती उचलली, उजेडात तिरपी धरली. काळ्याभोर पाठीवर एक बारीक पांढरी रेघ, या घरातून त्या घरात गेलेली.

"चाचा… ओरखडा पडला."

चाचांनी रेकॉर्ड हातात घेतली. अंगठ्याने ती रेघ हळूच चाचपली. पाकिटात घालून तिला परत दिली.

"कोणी विचारलं तर सांग," ते म्हणाले, "बाणकोटला पडला."