मोरेश्वरची जुनी काच

एका खाडीकाठच्या गावात मोरेश्वर नावाचा फोटोग्राफर राहत होता. त्याचा कॅमेरा नवाकोरा, आपणच नजर लावणारा, म्हणजे फोकस करणारा. मोरेश्वरने फक्त बटण दाबायचं. पण शहरातले नावाजलेले फोटोग्राफर जुन्या लेन्स वापरतात, त्यांतून स्वप्नातल्यासारखं धुकट चित्र उतरतं, असं त्याने ऐकलं आणि स्वारी हट्टाला पेटली. पन्नास वर्षांपूर्वीची एक जड लेन्स मिळवून त्याने एका अ‍ॅडॉप्टरच्या आधाराने कॅमेऱ्याला बसवली. नवी सून सासूला ओळख दाखवेना, तसा कॅमेरा म्हणाला, ‘लेन्स जोडलेली नाही.’ मोरेश्वरने सेटिंग बदलून त्याची समजूत घातली.

त्याच आठवड्यात सरूकाकूंचं बोलावणं आलं. त्यांचे यजमान गोपाळतात्या जन्मभर खाडीत तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवणारे. आता त्यांना सगळ्याचा विसर पडला होता. मात्र अधूनमधून, पापणी लवेपर्यंत, ते काकूंना ओळखत. ते क्षणही विरळ होत चालले होते.

काकू म्हणाल्या, “मोरू, ते मला ओळखतात ना, तेव्हाचा फोटो हवा. पुढे मला पुरेल.”

पडवीत ऊन कोवळं होतं, खाडीवर धुकं तरंगत होतं. तात्या पाण्याकडे बघत बसले होते. एकाएकी त्यांची बोटं वल्ह्याच्या मुठीवर असावीत तशी वळली. ते काकूंकडे बघून हसले. “सरू, भरती लागली का गं?”

मोरेश्वरने सवयीने बटण अर्धं दाबलं आणि कॅमेरा नजर लावील म्हणून वाट बघत राहिला. जुन्या लेन्सला कुठलं आलंय आपोआप! तिचं कडं हातानेच फिरवायचं असतं. ते ध्यानात येईतो तात्या पुन्हा परके झाले होते.

त्याने घाईने बटण पुरतं दाबलं, पण फोटो आला तो सगळाच धूसर. मोरेश्वरने वेळ मारून नेली. “काकू, ही जुन्या काचेची जादू बरं का! लोक यावर जीव टाकतात.”

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. “छान आहे रे. पण यात ते कुठे आहेत?”

मोरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलो, काकू,” तो म्हणाला. “मी बघतच नव्हतो.”

दुसऱ्या दिवसापासून तो रोज पडवीत येऊन बसू लागला. अंगणातल्या कोंबडीवर, दोरीवरच्या लुगड्यावर, तात्यांच्या भुवईवर तो कडं फिरवून बघे. बटणाला मात्र हात लावत नसे. हळूहळू त्याची बोटं शहाणी झाली. खाडी भरे, ओसरे. तिघं एकाच संथ झोपेत असल्यासारखे बसून राहत. मोरेश्वरला ते फार आवडू लागलं.

अकराव्या दिवशी तात्यांची बोटं वळली. मोरेश्वरने कडं अलगद फिरवलं. तात्यांचे डोळे धुक्यातून वर आले आणि काकूंच्या चेहऱ्यावर स्थिरावले. त्याने एकदाच बटण दाबलं.

काकूंनी फोटो पाहिला. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “हेच. घरात असूनही हरवलेत ना, ते हेच.”

तात्पर्य: जुनी काच मिळवता येते, पण जुन्यांची नजर मिळवायची तर थांबून बघावं लागतं.