हेदरबेकची दर सप्टेंबरात पाडायची भिंत

यॉर्कशरमधल्या हेदरबेक गावी गेलात, तर तिथल्या शाळेची छातीइतक्या उंचीची दगडी भिंत जरूर पाहा. चुना नाही, सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड. उन्हाळी सुट्टीत गावकरी ती नीट रचून काढतात आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी नवी मुलं तिला भगदाड पाडून आत शिरतात. शेजारचं लोखंडी फाटक मात्र सताड उघडं असतं. पाहुणे बुचकळ्यात पडतात. मग त्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलेले टिपणीस सर त्यांना बाकावर बसवतात आणि डॉटची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी म्हणे इथे दोन शाळा होत्या आणि मध्ये ही भिंत. अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा व्हायची. पास झालेला वरच्या शाळेत, नापास झालेला खालच्या. डॉरथी, म्हणजेच डॉट, आणि ॲलन ही जुळी भावंडं. ॲलन वर गेला, डॉट खाली. वरची मुलं त्याला बहिणीवरून चिडवू लागली, तेव्हापासून त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं. दोघं जेवायला एकाच टेबलावर बसत, पण डॉटपुढचं मीठ हवं असलं तरी तो ते आईकडे मागायचा. परीक्षेचं दुःख डॉटने गिळलं होतं, हे मात्र तिला गिळवेना.

पुढे ठरलं, की गावातली सगळी पोरं एकाच शाळेत शिकणार. पहिल्या दिवशी खालची मुलं येऊन पाहतात तर फाटकाला साखळी आणि कुलूप! वरच्या काही पालकांचा हा प्रताप, असं सांगतात. आता इंग्रजांचीच पोरं ती. कुलपासमोरही शिस्तीत रांग लावून उभी राहिली. दुपार कलली तरी कुणी जागचं हलेना. आतली मुलं नुसती बघत होती, त्यांत ॲलनही होता.

शेवटी डॉटचा धीर सुटला आणि ती रांग सोडून निघाली. त्या देशात हे केवढं धाडस, ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही, असं सर म्हणतात. भिंतीशी जाऊन तिने वरचा एक दगड ओढला.

"ॲलन," तिने हाक मारली, "हा मला एकटीला पेलायचा नाही रे."

दगड हातातून निसटू लागला. हाक वाया गेली असं वाटून डॉटला रडूच फुटलं, आणि तेवढ्यात दगड हलका झाला. पलीकडून कुणीतरी दुसरी बाजू धरली होती.

"बोटं सांभाळ, डॉट," ॲलन म्हणाला.

इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर एवढंच. मग दोन्हीकडची पोरं दगडांना भिडली आणि फाटकाचं कुलूप तसंच लटकत राहिलं.

आजही नवी मुलं भिंतीपाशी येतात तेव्हा मोठ्या वर्गातली मुलं पलीकडे उभी असतात. कोण कुठल्या घरचं, ते कुणी विचारत नाही. दगड हातात घेता घेता प्रत्येक जण समोरच्याला म्हणतो, "बोटं सांभाळ." या शाळेत स्वागताचं दुसरं भाषण होत नाही.